आखणीवाल्या सरूचं घर

माझी धाकटी जाऊ सरू हिनं पेणला स्वतःच्या नावावर घर घेतलं, तेव्हा अख्ख्या निडी गावात सगळ्यांत जास्त पोटात दुखलं ते माझ्या. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मला कोणी भली बाई समजायला नको. गावात म्हणतात, अनिता मोठ्या मनाची, धाकटीला बहिणीसारखी सांभाळते. सांभाळते खरी. पण सांभाळताना किती दात खाल्ले, ते माझं मला ठाऊक.

सरू बावीस वर्षांपूर्वी या घरात आली. बाप धरमतरच्या खाडीकडे मिठागरात राबणारा. गळ्यात दोन मणी आणि बरोबर एक पत्र्याची पेटी, एवढंच तिचं वैभव. मी गागोद्याची. माहेरी भाताची खाचरं, वालाचं शेत, लग्नात पितळेची भांडी. त्यामुळे पहिली काही वर्षं मी तिच्याकडे वरूनच बघायचे. तिला तांदळाची भाकरी थापता येत नव्हती, भिजवलेले वाल सोलायला बसली तर निम्मे मोडून ठेवायची. सगळं मी शिकवलं. शिकवताना चार बायकांत तिचं हसूही करून घेतलं. तीही हसायची, मनावर घ्यायची नाही, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

आमचं घर सासऱ्यांनी, जनूबाबांनी बांधलेलं. दोघा भावांनी वेगळी चूल मांडली तेव्हा मधोमध विटांची भिंत घातली. पण विटा कमी पडल्या आणि भिंत पुरुषभर उंच होऊन थांबली. वर कौलांपर्यंत सगळं मोकळं. तिकडे फोडणी पडली की इकडे शिंक येते. सरू आणि तिचा नवरा सखा काय बोलतात ते मला कान न देताही ऐकू येतं. मी तर कान देऊन ऐकायचे.

तिच्या लग्नानंतर तीन वर्षांनी सखाचं धाटावच्या कंपनीतलं कंत्राट सुटलं. घरात खायचे वांधे झाले. त्याच सुमारास समोरच्या गिरजाबाईनं सांगितलं, पेणला गणपतीच्या कारखान्यात बायका हव्या आहेत. सरू एकटी जायला घाबरत होती, म्हणून मीही गेले. कारखान्याच्या मालकांना सगळे दाजी म्हणायचे. त्यांनी दोघींच्या हातात एकेक बारीक ब्रश दिला, फुटक्या मूर्ती समोर ठेवल्या आणि डोळे काढायला सांगितलं. या कामाला आखणी म्हणतात. अंगाला रंग कोणीही मारतो, आखणी कोणाच्याही हाती देत नाहीत. आठ दिवसांनी दाजी आमच्या मूर्ती हातात घेऊन म्हणाले, "मोठीचा हात साफ हाय. धाकटीला टाइम लागंल." ते वाक्य मी अजून विसरलेले नाही.

पण आमच्या ह्यांनी, काळुरामांनी, नवव्या दिवशी फर्मान काढलं. "आपल्या घरात खायला हाय. रोज गाडी पकडून लोकांच्या कारखान्यात बसायची काय गरज?" गरज नव्हती, खरंच नव्हती. मी घरी बसले. सरूला गरज होती, ती जात राहिली. मी तिची कीव करायचे, बिचारीला पोटासाठी वणवण करावी लागते म्हणायचे, आणि ती बिचारी तिकडे डोळे काढायला शिकत होती.

पुढे काय झालं ते पेणच्या कोणत्याही कारखान्यात विचारा. आखणीवाली सरू म्हटलं की लोक ओळखतात. हंगामात दाजींचं काम संपवून ती आणखी दोन कारखान्यांत बसते. गणपती संपले की देवीच्या मूर्ती, त्या संपल्या की पापडाच्या उद्योगात रोजावर. ताप असला तरी गाडी चुकवत नाही. जिचा हात साफ होता ती मी निडीत वाल सोलत बसले आणि जिला टाइम लागणार होता तिच्याकडे मुंबईहून माणसं मूर्ती घेऊन यायला लागली. सांगा, जळणार नाही तर काय करणार?

जळायचीही एक सवय लागते. रोज संध्याकाळी ती घरी आली की सखा विचारायचा, "आज किती?" ती सांगायची, लहान साठ, मोठ्या नऊ. भिंतीपलीकडून मी ऐकायचे. माझ्या स्वयंपाकघरात खिळ्याला कॅलेंडर असतं, त्यावर मी दुधाची खूण करते. एके दिवशी दुधाच्या खुणेशेजारी मी सरूचा आकडाही लिहिला. का लिहिला म्हणाल तर सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी परत लिहिला. मूर्तीमागे काय दर मिळतो तेही भिंतीवरून कळायचं, तोही महिन्याच्या वर लिहून ठेवायचे. अशी सहा वर्षं गेली. जुनी कॅलेंडरं मी फेकली नाहीत, त्याच खिळ्याला एकावर एक अडकवली. ह्यांना वाटायचं, दुधाचा हिशेब बायको किती काटेकोर ठेवते.

गेल्या वर्षी माघात भिंतीपलीकडून घराची गोष्ट ऐकली आणि माझ्या हातातला डाव तसाच राहिला. सरूची मुलगी ऋतुजा पेणच्या कॉलेजात, सरूचं काम पेणात. हंगामात शेवटची गाडी चुकली की ती कारखान्यातच मूर्तींच्या रांगेत पथारी टाकायची. त्यापेक्षा पेणलाच खोली घेऊ, असं ठरत होतं. रामवाडीला एक निवृत्त मास्तर आपली एक खोली आणि स्वयंपाकघर विकून मुलाकडे पनवेलला निघाले होते. तिसरा मजला, पूर्वेला खिडकी, किंमत चौदा लाख. सरूनं तीन लाख साठवले होते. अकरा लाखांचं कर्ज काढायचं होतं.

"आणि नाव?" सखानं विचारलं.

"वकील बोलतात, एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्क एक टक्का कमी लागतं," सरू म्हणाली. "चौदा हजार वाचतात."

"मग तुझंच टाक की गो. माझं नाव कशाला? मी काय घर घेऊन पळणार हाय?"

इतकं सहज बोलला तो. एक टक्क्यासाठी नवऱ्यानं अख्खं घर बायकोच्या नावावर सोडलं. मी चुलीसमोर उभी राहून ऐकत होते. त्या दिवशीची आमटी खारट झाली आणि ह्यांनी ताट बाजूला सारलं.

घर घेणं म्हणजे दुकानातून साडी घेणं नव्हे, हे मला सरूमुळेच कळलं. तिनं पन्नास हजारांचं टोकन दिलं आणि मास्तरांनी कागदावर लिहून घेतलं की साठ दिवसांत खरेदीखत झालं नाही तर टोकन बुडालं आणि खोली दुसऱ्याला. वकिलानं तीस वर्षांच्या नोंदी तपासल्या, मास्तरांच्या आधी घर कोणाचं होतं, त्यावर कोणाचं कर्ज राहिलंय का. सोसायटीकडून ना हरकत आणली. इमारतीत राहायला पालिकेनं परवानगी दिल्याचा दाखला मागवला. सगळं नीट निघालं. मग बँकेनं विचारलं, पगाराची पावती? आयकराचे कागद? सरूकडे काय होतं? ब्रश होते. तिचे पैसे रोख यायचे, निम्मे घरात आणि निम्मे बचत गटात जायचे. दाजींनी साध्या कागदावर लिहून दिलं की ही माझ्याकडे काम करते. बँकेनं चाळीस दिवस फिरवलं आणि नाही म्हणून सांगितलं.

भिंतीपलीकडे सरू रडत होती. ती रडलेली मी बावीस वर्षांत दुसऱ्यांदा ऐकली. मी काय केलं? सुकटीची चटणी केली आणि दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. हेही सांगून टाकते.

मग कोणीतरी तिला एका खाजगी गृहकर्ज कंपनीचं नाव सांगितलं. व्याज थोडं जास्त, पण ज्यांच्याकडे पगाराची पावती नाही अशांनाही ते बघून कर्ज देतात. बघून म्हणजे खरोखर बघून. त्यांचा माणूस कामाच्या ठिकाणी जातो, घरी येतो, आजूबाजूला विचारतो. आठवडाभरात त्यांचा माणूस येणार होता. टोकनचे तेरा दिवस उरले होते.

तो आला दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी, भर दुपारी, मोटरसायकलवरून. अक्षय नाव, स्टीलचं शाईपेन खिशाला आणि हातात मोठा मोबाईल. सरू पेणला, सखा रोह्याला गेलेला. आधी त्यानं गिरजाबाईला विचारलं. ती म्हणाली, "सरू चांगली हाय." किती कमावते? "चांगली कमवते." किती वर्षं काम करते? "चांगली अठरा-वीस वर्षं." तो बिचारा घाम पुसत माझ्या ओटीवर आला.

माझ्या मनात एकच होतं. हे कर्ज होता कामा नये. तिला वाईट म्हणायचं तर जमणार नव्हतं. एकाच घरातल्या, तिची अब्रू ती माझीही अब्रू. कर्जबुडवी म्हटलं असतं तर उद्या माझ्याच मुलाला, धनेशला, कोणी मुलगी दिली नसती. मग मी दुसरा डाव काढला. ही बाई गरीब असल्याचं सोंग करते, ढीगभर रोख कमावते, सरकारला एक पैसा देत नाही, हे एकदा साहेबाला कळलं की तो घाबरून पळेल, असं माझं गणित होतं. आणि खरं सांगायचं तर, गणित नंतरचं. इतक्या वर्षांत सरूबद्दल मला कोणी काही विचारलंच नव्हतं. तोंड उघडलं आणि बांध फुटला.

"साहेब, तुम्हाला काय वाटलं, गरीब हाय ती? अजिबात नाय. लहान मूर्तीची आखणी ती दिवसाला साठ करते, सत्तर पण करते. मोठ्या वेगळ्या. तीन कारखाने धरलेत. पौषात जी बसते ती गणपतीपर्यंत उठत नाय. मग देवी. मग पापड. एक दिवस घरी राहील तर शपथ. गेल्या साली मलेरिया झाला, चार दिवस पडली, पाचव्या दिवशी गाडीत."

"तुम्हाला एवढं कसं माहीत, काकू?"

"ही भिंत बघा की."

त्यानं मान वर करून भिंत संपते तिथं बघितलं, मग कौलांकडे बघितलं. त्याला पटलं असावं. पण माझं समाधान होईना. मी आत गेले, खिळ्यावरची सहा कॅलेंडरं काढली आणि त्याच्या मांडीवर टाकली. "हे बघा. रोजचा आकडा हाय. दुधाची फुली, तिच्या बाजूला सरू. महिन्याचा दर वर लिवलाय. आता बोला!"

त्यानं पहिलं कॅलेंडर उघडलं. एकेक पान उलटत गेला. आषाढ, श्रावण, पान भरून आकडे. त्यानं पानापानाचा फोटो काढला, बहात्तर पानं. मी त्याला चहा दिला. दुसऱ्यांदाही दिला.

"आणि कर भरत नाय एक रुपया," मी म्हटलं. "हे पण लिवा."

"लिहितो, काकू," तो म्हणाला आणि त्यानं ते लिहिलं. जाताना मला नमस्कार केला. मला वाटलं, झालं. सरूच्या घराला मी आपल्या हातानं कुलूप लावलं. दिवसभर हलकं हलकं वाटत होतं, आणि संध्याकाळी ती गाडीतून उतरून माझ्या ओटीवरून गेली तेव्हा मी तिला वालाचं बिरडं दिलं वाटीभर.

आठव्या दिवशी कर्ज मंजूर झालं.

सरू पेढे घेऊन आली. माझ्या पाया पडली. "वयनी, तुमच्यामुळं झालं. कंपनीवाले बोलले, असा पुरावा कोणाकडंच नसतो." माझ्या तोंडात पेढा होता, तो मी गिळला. कंपनीला कराची काळजी नव्हती. आपला हप्ता निघेल की नाही एवढंच त्यांना बघायचं होतं, आणि मी सहा वर्षांचं उत्तर लिहून ठेवलं होतं. बाहेरचा कोणी असता तर त्यानं चांगली हाय म्हणून विषय संपवला असता. जाऊ जेवढा हिशेब ठेवते तेवढा देव पण ठेवत नसेल.

खरेदीखताला दोन ओळखीची माणसं लागतात. एक गिरजाबाईचा जावई होता. दुसरी मी. "तुम्हीच पाहिजेत," सरू म्हणाली आणि मला नाही म्हणता आलं नाही.

पेणच्या दुय्यम निबंधक कार्यालयात आम्ही सकाळपासून बाकावर बसलो होतो. मास्तर आपल्या खिडकीचं कौतुक सांगत होते. विकायला आलेल्या माणसाचा जीव घरात असा अडकलेला मी पहिल्यांदा बघितला. सखा झेरॉक्स काढायला बाहेर गेला. बाकावर सरू आणि मी उरलो. तेव्हा ती, समोर बघतच, म्हणाली, "वयनी, त्या अक्षयसाहेबांनी मला सगळं वाचून दाखवलं."

"काय सगळं?"

"सगळं. कर भरत नाय, ते पण."

माझे कान तापले. पदर उगाचच नीट करत राहिले.

"मला आधी राग आला," सरू म्हणाली. "मग कॅलेंडरचे फोटो बघितले. मलेरियाच्या चार दिवसांवर तुम्ही शून्य लिवलंय. मी माझ्या कामाचा एक दिवस कधी लिवला नाय, वयनी. ह्यांनी नाय लिवला. दाजींनी नाय. तुम्ही लिवला." मग ती माझ्याकडे वळली. "कशासाठी लिवला ते मला म्हायती हाय. पण लिवला तुम्हीच."

तिच्या आवाजात टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. भांडता आलं असतं. पण तेवढ्यात आमचा नंबर पुकारला.

संगणकावर बसलेल्या बाईंनी सरूचा फोटो काढला, अंगठा घेतला. मास्तरांचा घेतला. मग मला खुर्चीवर बसवलं. "कॅमेऱ्याकडे बघा," म्हणाल्या. मी बघितलं. "यांना ओळखता?" "व्हय." "किती वर्षं?" "बावीस." कागद बाहेर आला. त्यावर छापलं होतं की खाली सही करणारे इसम दस्त करणाऱ्यांना व्यक्तिशः ओळखतात आणि त्यांची ओळख पटवतात. खाली माझा फोटो, माझा अंगठा, आणि माझं नाव. अनिता काळुराम, वय एकोणपन्नास, राहणार निडी. मी सही केली.

वर सरूचा फोटो होता. त्याच्याखाली लिहिलं होतं, घर घेणार. मी तिकडे बराच वेळ बघत बसले. इतकं जळलं की डोळ्यांत पाणी आलं, आणि सखाला वाटलं, वहिनींना आनंद झाला.

येताना मी माझ्या पानाची एक झेरॉक्स मागून घेतली. गाडी निडीला आली तेव्हा उन्हं कलली होती. हे ओटीवर बसले होते. मी झेरॉक्स त्यांच्या पुढ्यात धरली.

"तुझा फोटो कशाला लागला त्यांना?" ह्यांनी विचारलं.

"मी वळख दिली सरूची." मी पायरीवरच उभी राहिले. "एक विचारू? ह्या घराच्या घरपट्टीवर नाव कोणाचं हाय?"

"बाबांचं. म्हायती नाय तुला?"

"ते जाऊन अकरा वर्षं झाली. पुढं कोणाचं लागंल?"

"माझं आणि सखाचं."

"आणि तुमच्या अर्ध्यात, तुमच्या मागं?"

ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की हा काय प्रश्न झाला. "धनेशचं. दुसरं कोणाचं? चहा टाक जरा."

मी आत गेले आणि चहा टाकला.